मानवी तस्करीविरोधी पोस्टर काढायचंय. बेड्या न काढता काय काढू?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. ३० जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला मानवी तस्करीविरोधी दिवस. त्यानिमित्त एका संस्थेसाठी चार पोस्टर आणि एक भिंतचित्र करायचं काम माझ्याकडे आलंय. संस्थेने संदर्भासाठी म्हणून चित्रांचा एक गठ्ठा पाठवला. साखळदंड घातलेली मनगटं, तोंडावर चिकटपट्टी, मानेवर बारकोड, कोपऱ्यात फाटकी बाहुली, वरून लाल रंगाचे ओघळ. देश वेगळे, भाषा वेगळ्या, चित्रं मात्र एकाच माणसाने काढल्यासारखी.
चित्रकार म्हणून मला त्याचा कंटाळा आलाय ही गोष्ट बाजूला ठेवू. मला विचारायचंय ते असं की ही चित्रं नक्की कुणासाठी असतात? कलाकारांच्या कामाने या विषयात खरोखर काही हललंय अशी उदाहरणं माहीत असतील तर सांगा. आणि इथे कुणी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करत असेल तर तुम्हाला भिंतीवर काय बघायला आवडेल तेही सांगा. 'छान विषय, शुभेच्छा' एवढंच लिहायचं असेल तर तेही चालेल, पण त्याने पोस्टर होणार नाही. :)

जुनी_पानं
तुमच्या साखळदंडांचा मूळपुरुष सापडतो. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड या चिनीमातीच्या कारखानदाराने एक पदक काढलं. गुडघ्यावर बसलेला, हातापायांत साखळ्या असलेला आफ्रिकन माणूस हात जोडून विचारतोय, 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?' गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचं हे चिन्ह झालं आणि इतकं लोकप्रिय झालं की बायका ते बांगड्यांत आणि केसांच्या पिनांत घालू लागल्या. म्हणजे फॅशन झाली. त्याने चळवळीला ओळख मिळाली हे नाकारता येत नाही. पण त्या चित्रातला माणूस कायम गुडघ्यावर आहे, आणि निर्णय घेणारा कायम चित्राबाहेरचा गोरा माणूस आहे.
त्याच चळवळीतलं दुसरं चित्र मला कितीतरी थोर वाटतं. लिव्हरपूलच्या 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजाचा आराखडा. १७८८च्या अखेरीस प्लिमथच्या समितीने तो काढला, पुढच्या वर्षी लंडनच्या समितीने सुधारून छापला. त्यात अश्रू नाहीत, चाबूक नाही. जहाजाचा तळ वरून बघितल्यासारखा, आणि त्यात माणसं कशी शेजारी-शेजारी निजवतात ते मोजून दाखवलेलं. लंडनच्या आवृत्तीत ४८२ माणसं आहेत. नव्या कायद्याने मर्यादा घातल्यानंतरच्या काळातली ही दाटी होती. त्याआधी याच जहाजातून ६०० हून जास्त माणसं नेली होती. हजारो प्रती निघाल्या, विल्बरफोर्स या खासदाराने संसदेत जहाजाची लाकडी प्रतिकृती दाखवली. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद केला. एकट्या चित्रामुळे नाही अर्थातच. पण धंदा *कसा चालतो* हे त्या चित्राने दाखवलं, आणि ते बघितल्यावर 'प्रवासात त्यांची नीट काळजी घेतली जाते' असं म्हणायची सोय राहिली नाही.

पायवाट
मी सुटका झालेल्या बायका-मुलींसोबत समुपदेशनाचं काम करते. जुनी_पानं यांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, कारण आमची अडचण हीच आहे.
आमच्याकडे येणाऱ्यांपैकी साखळीने बांधलेलं असं जवळजवळ कुणीच नसतं. पासपोर्ट किंवा ओळखपत्र मालकाच्या कपाटात असतं. आणायचा खर्च, राहायचा खर्च, औषधाचा खर्च असं करत उचल वाढत जाते. घरच्यांना काय सांगेन, कुणाचे फोटो पाठवेन, ही धमकी असते. कधी प्रेम असतं, आणि ते सोडवणं सगळ्यात अवघड. घेऊन जाणारा माणूस गाडीतून उचलून नेणारा अनोळखी गुंड क्वचितच असतो. नात्यातला, शेजारचा, आधी तिथे काम करून आलेली मैत्रीण, लग्नाचं विचारणारा मुलगा, अशी माणसं असतात. त्यामुळे बेड्यांचं पोस्टर समोर असलं तरी त्यातून जाणारी मुलगी म्हणते, हे माझ्याबद्दल नाही, माझे हात तर मोकळे आहेत. पोलीस आणि शेजारीही तेच म्हणतात. 'पळून का नाही गेली?' हा प्रश्न त्या पोस्टरने लोकांच्या तोंडी घातलाय.
अजून एक. चित्रात नेहमी तरुण मुलगी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ सालचा अंदाज बघा: जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत, त्यातले ६३ लाख सक्तीच्या लैंगिक शोषणात. त्याहून कितीतरी जास्त, १ कोटी ७३ लाख, खाजगी क्षेत्रातल्या इतर कामांत: शेतं, बांधकामं, कारखाने, मासेमारीची जहाजं, घरकाम. (सक्तीची मजुरी आणि तस्करी यांची व्याख्या तंतोतंत एक नाही, हे मान्य.) मासेमारीच्या जहाजावर अडकलेला पंचविशीचा तरणा मुलगा कुठल्या पोस्टरवर बघितलाय का कुणी?

खडूस_आजोबा
सगळं ठीक. पण माझा प्रश्न सरळ आहे. प्रदर्शनं भरतात, लोक डोळे पुसतात, सेल्फी काढतात, घरी जातात. 'जनजागृती झाली' असा अहवाल निघतो. त्या पैशात निवाराघरात दोन खाटा वाढल्या असत्या तर? कलाकारांना विषय मिळतो, संस्थेला फोटो मिळतात. ज्यांच्या नावाने चाललंय त्यांना काय मिळतं?

तिसरी_घंटा
आजोबा, तुम्ही तुमच्या नावाला जागलात. :)
प्रदर्शनांबद्दल तुमचं बरंचसं पटतं, तरी एक बाजू मांडतो. २००७ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एमा थॉम्पसन या अभिनेत्रीच्या पुढाकाराने जहाजावरचे सात कंटेनर ओळीने ठेवले होते. मोल्दोवाहून लंडनला आणून विकल्या गेलेल्या एका तरुणीचा प्रवास त्या सात खोल्यांतून चालत बघायचा. नंतर तो व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कलाही गेला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचा उपक्रम आणि 'स्टॉप द ट्रॅफिक' ही संस्था यांनी चौकाचौकांत माणूस आत जाईल एवढ्या मोठ्या भेटवस्तूच्या पेट्या ठेवल्या. बाहेर आकर्षक आश्वासनं, आत गेल्यावर खरी हकीकत. यात एक गोष्ट जमलीय: बघणारा स्वतः फसून आत शिरतो. 'मी कशाला फसेन' हा ताठा तिथे थोडा ढिला पडतो.
पण मला विचाराल तर या विषयाला सगळ्यात लागू पडणारा प्रकार ऑगुस्तो बोआलचा, मंच-नाटकाचा. ब्राझीलच्या या नाटककाराने सत्तरच्या दशकात बांधलेली पद्धत. प्रसंग लहान असतो. समजा, एजंट घरी आलाय, नोकरीचं बोलतोय, आई खूश आहे, मुलगी गप्प आहे. शेवट वाईट होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून उठायचं, मुलीच्या किंवा आईच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. एजंटचं काम करणारा नट मात्र सोडत नाही, तो प्रत्येक उत्तराला नवं गोड उत्तर देतो. मी हे काम केलंय. पहिल्यांदा उठणारे 'मी जाणार नाही' एवढंच म्हणतात. त्यावर एजंट हसून म्हणतो, बरं, तुझ्या बहिणीला विचारतो. सभागृहात शांतता. मग हळूहळू लोक खरे प्रश्न काढायला लागतात: करारावर मालकाचं नाव का नाही? माझी कागदपत्रं कुणाकडे राहणार? तिथे आधी गेलेल्या कुणाशी तुमच्यासमोर न बसता बोलता येईल का? नकार द्यायची तालीम होते ही. खाटा वाढत नाहीत, पण खाटेची वेळ एखाद्याची टळू शकते.

कलम_चार
वकील आहे. कलाकारांचा विषय निघालाच आहे तर या चर्चेत कुणी न काढलेली बाजू काढतो. तस्करीत कला ही नुसती तिच्याविरुद्ध लढणारी बाजू नाही. कित्येक वर्षं ती आमिष होती, आणि सरकारी शिक्क्यानिशी होती.
सायप्रसमध्ये परदेशी बायकांना कॅबरेत काम करण्यासाठी 'आर्टिस्ट' म्हणून व्हिसा मिळायचा. नृत्यांगना म्हणून कागद, आत वेगळंच काम, हे तिथल्या यंत्रणेला ठाऊक होतं. २००१ मध्ये या व्हिसावर आलेली एक रशियन तरुणी थोड्याच दिवसांत कॅबरे सोडून निघून गेली. मालकाने तिला शोधून पोलिसांकडे नेलं, तिला देशाबाहेर काढा म्हणाला. पोलिसांनी कागद तपासले, तिच्यावर काही गुन्हा नाही असं बघितलं, आणि तिला त्याच मालकाच्या ताब्यात दिलं. त्याच दिवशी सकाळी, थोड्याच वेळात, एका इमारतीखाली तिचा मृतदेह सापडला. तिच्या वडिलांनी खटला लढवला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा जानेवारी २०१०चा 'रान्त्सेव विरुद्ध सायप्रस आणि रशिया' हा निकाल तो हाच. गुलामगिरी आणि सक्तीच्या मजुरीला मनाई करणाऱ्या, युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम ४ मध्ये तस्करी येते, आणि तिच्याविरुद्ध पावलं उचलायची जबाबदारी जिथे नेलं त्या देशाची तशी जिथून नेलं त्या देशाचीही, हे त्यात ठरलं. (माझ्या टोपणनावाचं रहस्य फुटलं.)
त्या व्यवस्थेतला खुटका बघा. कलाकार कामावरून गेली तर कळवायचं मालकाने. तिच्या मुक्कामाचा परवाना मालकाशी बांधलेला. म्हणजे किल्ली कायद्यानेच मालकाच्या खिशात ठेवली होती, साखळीची गरजच काय? सायप्रसने तो व्हिसा २००८ मध्ये बंद केला. जपानमध्ये 'एंटरटेनर' व्हिसावर एकट्या फिलिपिन्समधून एका वर्षात ८० हजारांच्या आसपास लोक येत, त्यात बहुतेक बायका. अमेरिकेच्या अहवालातली टीका झाल्यावर २००५ मध्ये नियम कडक केले. स्वित्झर्लंडने कॅबरे नर्तकींचा खास परवाना २०१६ पासून रद्द केला. यातली प्रत्येक बाई फसवली गेली असं अजिबात नाही. अनेकजणी जाणूनबुजून, चांगल्या कमाईसाठी गेल्या, आणि नियम आवळल्यावर काहींचा कायदेशीर रस्ताच गेला. तो हिशेब स्वतंत्र.
रेघोट्या, चित्र काढायचंच असेल तर तो करार काढा. सही कुठे, पासपोर्ट कुठे, परत जायचं तिकीट कुणाच्या नावावर.

रेघोट्या
कलम_चार, हा प्रतिसाद मी मघापासून परत परत वाचतेय. गाणं, नाच, मॉडेलिंग यांच्या जाहिराती माझ्यासारखेच लोक डिझाइन करत असणार, हे डोक्यात येऊन गेलं.
जुनी_पानं यांचा जहाजाचा आराखडा आणि हा करार जोडता येईल असं वाटतंय. जहाजाच्या तळाच्या जागी एक खोली, आणि त्या खोलीच्या भिंती म्हणजे उचलीचा हिशेब. स्केच करते. तोवर चालू ठेवा.

मोगरी
लीना केजरीवालांचं काम कुणी सांगितलं नाही अजून! कोलकात्याच्या छायाचित्रकार. २०१४ पासून 'मिसिंग' नावाने त्या काम करतात. लोखंडी पत्र्यातून कापलेल्या मुलीच्या काळ्या छायाकृती उघड्यावर उभ्या करायच्या. लांबून आकाशात मुलीच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं. तीच आकृती स्टेन्सिलने शहराशहरांत भिंतींवर उमटली, आणि ते काम तिथलेच स्वयंसेवक करतात. पुढे २०१६ मध्ये मोबाइलचा खेळ आला, त्यात आपणच हरवलेली मुलगी असतो आणि सुटायचे रस्ते निवडायचे असतात. तिसरी_घंटा यांच्या नाटकासारखंच की हे. त्या छायाकृतीला चेहरा नाही, म्हणून कुणाच्या दुःखाचं प्रदर्शनही होत नाही.

पायवाट
मोगरीताई, चेहऱ्याचा मुद्दा काढलात ते बरं केलंत. छायाचित्रकार आणि माहितीपटवाले आमच्याकडे नेहमी येतात. 'संमती घेतलीय' म्हणतात. सुटका होऊन आठवडाही न झालेल्या, जेवण आणि अंथरुण आमच्या हातून मिळणाऱ्या मुलीने दिलेली संमती कितपत खरी? ती 'नाही' म्हणूच शकत नसते. आणि पाच वर्षांनी तिला नोकरी लागते, लग्न ठरतं, तेव्हा तो फोटो इंटरनेटवर असतोच. सोनागाची या कोलकात्याच्या वेश्यावस्तीतल्या मुलांवरच्या ज्या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं, त्याबद्दलही तिथल्या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या 'दुर्बार' या संघटनेने आक्षेप घेतला होता. मुलांच्या हाती कॅमेरा देण्याची कल्पना सुंदर होती, पण आया तेवढ्या वाईट दिसल्या.
सगळ्यात करुण कहाणी जो सांगेल त्याला देणगी, हे एकदा रूढ झालं की कहाण्याही तशाच घडायला लागतात. कंबोडियात गाजलेल्या एका चळवळीबद्दल न्यूजवीकने २०१४ मध्ये तेच छापलं, आणि तिच्या संस्थापिकेला स्वतःच्याच प्रतिष्ठानाचा राजीनामा द्यावा लागला. त्याचा तोटा खऱ्या सांगणाऱ्यांना होतो. आता प्रत्येकीकडे संशयाने बघतात.
उलट मला आवडणारी कामं प्रेक्षकांसाठी नसतातच. कोलकात्याची 'संवेद' ही संस्था, २००४ मध्ये सोहिनी चक्रवर्तींनी सुरू केलेली, सुटका झालेल्या मुलींसोबत नृत्योपचार करते. ज्या शरीरावर सगळ्यांनी हक्क सांगितला ते पुन्हा स्वतःचं वाटायला लागणं, हे मी बोलून बोलून वर्षानुवर्षं करते आणि तरी होत नाही. नाचातून ते लवकर होताना पाहिलंय. अमेरिकेत ओहायोमध्ये जेनिफर केम्प्टन यांनी 'सर्व्हायव्हर्स इंक' सुरू केली. त्या स्वतः या सगळ्यातून बाहेर आलेल्या. दलाल आपल्या मालकीची खूण म्हणून बायकांच्या अंगावर नाव गोंदवतात, आणि सुटल्यावरही आंघोळ करताना रोज तेच नाव समोर. गोंदणकाराकडून त्यावर हवी ती नक्षी गोंदवून घ्यायला ही संस्था मदत करायची. २०१७ मध्ये त्या गेल्या. आजोबा, कलाकाराकडून काय मिळतं विचारलंत ना. हे मिळतं.

खडूस_आजोबा
याला माझा आक्षेप नाही. हे काम आहे, देखावा नाही.

तिसरी_घंटा
सर्कशीचं राहिलं! नेपाळमधल्या कितीतरी मुलांना लहानपणी भारतातल्या सर्कशींत विकलं गेलं होतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी केली. परत गेलेल्यांपैकी काहींनी मिळून 'सर्कस काठमांडू' काढली. मारून-मुटकून शिकवलेल्या कसरतीच आता स्वतःच्या तिकिटावर, स्वतःच्या नावावर. सर्कस सोडून शिवणकाम शिका, असं सांगणारे पुष्कळ भेटले असतील त्यांना. शिवणयंत्र देण्याचा हा सोस काही सुटत नाही पुनर्वसनवाल्यांचा.

पायवाट
शिवणयंत्राबद्दल टाळ्या. आमच्याही गोदामात पडलीयेत.

रेघोट्या
स्केचेस झाली, इथे शब्दांत सांगते.
पहिलं पोस्टर: नोकरीची अगदी नीटनेटकी, खरी वाटेल अशी जाहिरात. खाली तिसरी_घंटा यांचे तीन प्रश्न, बस्स.
दुसरं: वरून बघितलेली खोली. माणसं दाटीने निजलेली, ब्रूक्ससारखी. भिंती म्हणजे हिशेबाच्या वहीच्या ओळी: प्रवास, भाडं, जेवण, दंड, औषध. दार आहे आणि ते उघडं आहे.
तिसरं: मासेमारीच्या जहाजावरचा मुलगा, जाळं ओढताना. पाठमोरा.
चौथ्यावर 'अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, घर सोडू नका' असं संस्थेला हवंय. ते मला खटकतंय.

कलम_चार
खटकायलाच हवं. लोक कामासाठी बाहेर पडणारच, आणि पडावं. 'घर सोडू नका' हे पोस्टर बहुतेक मुलींनाच सांगतं, मुलग्यांना सांगत नाही. बायकांच्या परदेशी कामावर बंदी घालून बघितलेल्या देशांत काय झालं? त्या गेल्याच, फक्त कागदांशिवाय, आडवाटेने, दलालाच्या भरवशावर. चौथ्यावर कायदेशीर माहिती घाला. संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार फसवून किंवा दबावाने मिळवलेल्या होकाराला किंमत नाही, आणि अठरा वर्षांखालच्याच्या बाबतीत फसवणूक झाली की नाही हेही बघावं लागत नाही. 'मी स्वतःच हो म्हटलं होतं, आता कुणाला सांगू' असं म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. सीमा ओलांडलेली असायलाच पाहिजे असंही नाही.

पायवाट
उघडं दार फार आवडलं. ते काढून टाकायला सांगतील, देऊ नका.
दोन सूचना. वहीतल्या ओळी वाचता न येणाऱ्यालाही कळाव्यात, म्हणजे प्रत्येक ओळीला लहान चित्र हवं. आणि पोस्टर लावणार कुठे ते आत्ताच ठरवून घ्या. मालक किंवा दलाल जिथे सोबत उभा असतो तिथे ती मान वर करून वाचणार नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ती एकटी असते तिथे लागलं पाहिजे. मोबाइलने फोटो काढता येईल हे गृहीत धरू नका, मोबाइल बहुधा काढून घेतलेला असतो. अमेरिकी सरकारच्या 'ब्लू कॅम्पेन' या तस्करीविरोधी मोहिमेने बुटात लपवता येतील अशी चिंचोळी कार्डं छापली होती. पोस्टरच्या खाली फाडून नेता येतील अशा पट्ट्या ठेवा, पट्टीवर फक्त नंबर. चित्र नको, संस्थेचं नाव नको. सापडली तर कशाचा नंबर ते कळता कामा नये.

रेघोट्या
पट्टीवर नाव नको म्हटल्यावर संस्थेचा चेहरा कसा होईल ते आत्ताच दिसतंय. :) पण सांगते. भिंतचित्राचं मात्र अजून काही सुचत नाहीये. तुमच्याकडच्या कुणाला माझ्यासोबत रंगवायला आवडेल का?

पायवाट
विचारते. दोघीतिघींचा हात चांगला आहे. पण विषय त्या ठरवतील, आणि तो तस्करी नसेलही. आणि त्यांना रोजचं मानधन, तुम्हाला मिळतं त्याच दराने. 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट नाही.

रेघोट्या
मंजूर. बजेट तसं मांडून पाठवते उद्या.

खडूस_आजोबा
छापायला देण्याआधी तो नंबर रात्री दोन वाजता स्वतः फिरवून बघा. कुणी उचलतंय का, कोणत्या भाषेत बोलतंय, आणि पहिल्याच वाक्यात नाव-पत्ता विचारतंय का.